स्वतंत्र भयपटासाठी क्राउडफंडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भयपट करायला निघालेल्या लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत आणि पुढे जिथे लोक हमखास अडकतात त्या जागा. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्राउडफंडिंग म्हणजे देणगी की गुंतवणूक? लोकांचे पैसे परत द्यावे लागतात का?

इथे ज्या प्रकाराबद्दल बोलतोय तो या दोन्हींच्या मधला आहे. पाठीराखा आधी पैसे देतो आणि तुम्ही कबूल केलेली वस्तू त्याला नंतर मिळते: सिनेमाची प्रत, पोस्टर, श्रेयनामावलीत नाव. नफ्यात किंवा हक्कांत त्याचा वाटा नसतो. किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर नफ्याचा वाटा देऊ करायला मनाईच आहे. म्हणून पैसे परत करायचे नसतात, पण कबूल केलेलं द्यावंच लागतं. ते कर्जाइतकंच बांधून ठेवणारं आहे.

सिनेमात हिस्सा देऊन लोकांकडून पैसे उभारणं हा वेगळा मार्ग आहे. त्याला रोखेविक्रीचे कायदे लागतात आणि ते देशागणिक बदलतात. अमेरिकेत त्यासाठीचे नियम मे २०१६ पासून लागू झाले. तो रस्ता धरायचा असेल तर आधी वकील गाठा. या पानावरची उत्तरं त्याला लागू पडणार नाहीत.

२. भयपटालाच लोक जास्त पैसे देतात, हे खरं का?

भयपटाच्या प्रेक्षकाला ओळखीचा नट लागत नाही, हे खरं आहे. तो भीतीसाठी येतो, अनोळखी दिग्दर्शकाला संधी देतो आणि मुखवटा कसा बनवला हे सिनेमाइतक्याच आवडीने बघतो. हा शेवटचा मुद्दा मोहिमेसाठी सोन्यासारखा आहे. भयपटाचा खर्च डोळ्यांना दिसतो. कौटुंबिक नाट्याच्या निर्मात्याला ‘तुमच्या पैशातून काय होणार’ हे दाखवताना घाम फुटतो. तुम्ही मातीचा साचा, अर्धवट रंगवलेला हात, छतातून खाली येणारी यंत्रणा दाखवू शकता.

मात्र ‘भयपट’ एवढा एकच शब्द पुरत नाही. लोक विशिष्ट भीतीला पैसे देतात: बंद घराच्या, शरीर बदलण्याच्या, अंधारात दिसलेल्या आकृतीच्या. आपली भीती कोणती हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर मोहीम लांबणीवर टाका आणि पटकथेकडे परत जा.

३. प्लॅटफॉर्म कोणता निवडू? ‘पूर्ण जमले तरच’ की ‘जमतील तेवढे’?

एप्रिल २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरची पद्धत पहिल्या प्रकारची आहे. लक्ष्य गाठलं तरच पाठीराख्यांच्या कार्डावरून पैसे कापले जातात, नाहीतर कोणाचाच एक पैसाही जात नाही. सीड अँड स्पार्क हा खास चित्रपटांसाठीचा प्लॅटफॉर्म लक्ष्याच्या ८० टक्क्यांवर मोहिमेला हिरवा कंदील देतो. जमतील तेवढे पैसे हाती देणारे प्लॅटफॉर्मही आहेत.

माझं स्पष्ट मत: पहिला सिनेमा असेल तर ‘जमतील तेवढे’ टाळा. दहा हिश्श्यांपैकी तीन हिस्से मिळाले की ते हातात येतात, त्यासोबत सगळ्या भेटींचं, म्हणजे कबूल केलेल्या वस्तूंचं, ओझंही येतं आणि सिनेमा तीन हिश्श्यांत होत नाही. अपवाद एकच. सिनेमा चित्रित झालेला आहे आणि ध्वनी किंवा रंगसंस्कारासाठी पैसे हवे आहेत, अशा वेळी प्रत्येक वाढीव रकमेने काम खरोखर थोडं पुढे सरकतं.

४. किती रक्कम मागायची?

सिनेमाला लागणारा आकडा आणि मोहिमेत मागायचा आकडा हे वेगळे असतात. पहिली मोहीम करणारे सर्वाधिक इथेच चुकतात.

मागितलेल्या रकमेतून आधी प्लॅटफॉर्मची फी जाते. किकस्टार्टरची ५ टक्के, शिवाय पैसे कार्डावरून घेण्याचे साधारण ३ ते ५ टक्के. मग भेटी बनवणं, बांधणं आणि पाठवणं. त्यासाठी मी १२ ते १५ टक्के बाजूला काढायला सांगते, आणि भेटी जड असतील तर तेही कमी पडतात. काही कार्डं शेवटच्या दिवशी चालत नाहीत, तीही गळती धरा. या हिशेबाने सिनेमाला १०० लागणार असतील तर १३० मागावे लागतात.

आता उलट बाजूने बघा. तुमच्या ओळखीतली किती माणसं खात्रीने पैसे देतील, सरासरी किती देतील, ते मांडा. या यादीतून लक्ष्याचा निदान एक तृतीयांश भाग येत नसेल तर लक्ष्य तुमच्या आवाक्याबाहेर आहे. मग आकडा कमी करण्याआधी पटकथेतली ठिकाणं आणि रात्रीचे प्रसंग कमी करा. १३० ची गरज असताना ८० मागून ‘पुढचं पुढे बघू’ म्हणणाऱ्यांची मोहीम यशस्वी होते आणि सिनेमा अर्धवट राहतो. तसं यश कोणाच्याच कामाचं नाही.

५. संपूर्ण सिनेमाचे पैसे मागावेत की एखाद्या भागाचे?

शक्य असेल तर भागाचे, आणि तो भाग पडद्यावर दिसणारा असावा. २०१२ मध्ये जेनिफर केंट यांच्या ‘द बाबाडूक’साठी किकस्टार्टरवर ३० हजार डॉलर मागितले गेले. ते सेट उभारणीसाठी होते, मुख्य निधी वेगळीकडून आलेला होता. जमले ३०,०७१ डॉलर. तो सिनेमा ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत आहे की ते घर म्हणजे जवळजवळ एक पात्रच आहे. पाठीराख्यांचे पैसे थेट पडद्यावरच्या भिंतींत गेले.

‘हार्बिंजर डाउन’ या भयपटाची गोष्ट याहून बोलकी आहे. विशेष परिणामांच्या क्षेत्रात मुरलेल्या मंडळींनी एका मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटासाठी हाताने बनवलेल्या प्राण्यांवर २०११ मध्ये संगणकावर केलेल्या चित्रांचे थर चढवले गेले. मग त्यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर येऊन सांगितलं की आम्ही प्रत्यक्ष बनवलेल्या राक्षसांचा सिनेमा करतो, साथ द्या. साडेतीन लाख डॉलरचं लक्ष्य होतं, ३ लाख ८४ हजारांवर जमले. ‘टेरिफायर २’च्या मोहिमेत ५० हजार डॉलर मागितले होते आणि २ लाखांहून अधिक आले. पहिल्या भागातल्या हाताने केलेल्या विशेष परिणामांवर फिदा झालेला प्रेक्षकवर्ग तोवर तयार होता.

संपूर्ण निधी मागायचा असेल तरी पेजवर पैशांचे तुकडे पाडून दाखवा: इतक्यात मुखवटा, इतक्यात तीन रात्रींचा प्रकाश, इतक्यात ध्वनी. ‘आमचं स्वप्न पूर्ण करा’ या वाक्याने कोणी पाकीट उघडत नाही.

६. अजून काहीच चित्रित केलेलं नाही. मग व्हिडिओत दाखवू काय?

एक प्रसंग चित्रित करा. हवा तर दीड मिनिटाचा, एक खोली आणि एक माणूस असलेला, पण भीती वाटलीच पाहिजे असा. हा रस्ता क्राउडफंडिंगहून जुना आहे. सॅम रेमी आणि मित्रांनी १९७८ मध्ये ‘विदिन द वुड्स’ हा अर्ध्या तासाचा सिनेमा केला तो गुंतवणूकदारांना दाखवण्यासाठीच. त्यातून ‘द ईव्हिल डेड’ उभा राहिला.

मोहिमेच्या व्हिडिओची लांबी दोन ते तीन मिनिटं ठेवा. पहिल्या दहा सेकंदांत भीती. कंपनीची फिरती बोधचिन्हं आणि ‘नमस्कार, आम्ही’ नंतर. त्यानंतर तुमचा चेहरा, कारण पैसे चेहऱ्याला मिळतात. कॅमेऱ्याकडे बघून काय बनवताय, किती हवे, कशाला हवे ते सांगा आणि थांबा.

एक गोष्ट भयपटवाल्यांनी विशेष जपावी: ध्वनी. आपण हेडफोन लावून खोल घुमणारा आवाज रचतो आणि बघणारा फोनच्या स्पीकरवर ऐकतो, जिथे तो खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. दाराची करकर, श्वास, नखांचा आवाज असे वरच्या पट्टीतले आवाज फोनवर टिकतात. व्हिडिओ अपलोड करण्याआधी सर्वांत स्वस्त फोनवर वाजवून बघा. उपशीर्षकं द्याच, कारण बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात. आणि दुसऱ्याचं संगीत विनापरवाना लावू नका. ऐन मोहिमेत व्हिडिओ खाली उतरवला गेला तर ते दिवस परत येत नाहीत.

७. माझे फॉलोअर फार नाहीत. मोहीम करू का?

फॉलोअर कमी असले तरी चालेल, ईमेलची यादी कमी असून चालणार नाही. समाजमाध्यमावरची तुमची पोस्ट कोणाला दिसेल हे तुमच्या हातात नसतं. ईमेल निदान पोहोचतं.

मोहिमेआधी चार ते सहा महिने यादी बांधायला घ्या. आधीचा लघुपट मोफत बघायला द्या आणि त्या बदल्यात ईमेल मागा. मुखवटा बनतानाचे टप्पे दाखवा. भयपटांवर लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या लोकांच्या कामाला आधी मनापासून दाद द्या, मदत नंतर मागा. मोहीम सुरू झाल्याच्या दिवशी प्रथमच संपर्क करणाऱ्याचं पत्र कोणी उघडत नाही.

आणि जवळच्या प्रत्येकाला स्वतंत्र निरोप लिहा. नाव घालून, त्याच्याशी असलेल्या नात्याच्या सुरात. दोनशे लोकांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा पन्नास जणांना लिहिलेले पन्नास निरोप जास्त पैसे आणतात. हे काम कंटाळवाणं आहे. मीही दर वेळी ते पुढे ढकलते आणि दर वेळी पहिल्या दिवसाची सगळी रक्कम त्यातूनच येते.

८. मोहीम किती दिवसांची असावी? ऑक्टोबरमध्येच करावी का?

किकस्टार्टरवर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तीस दिवस पुरतात. साठ दिवसांत निकड मरते आणि तुम्हीही दमता.

ऑक्टोबरबद्दल: त्या महिन्यात भयपटांकडे लक्ष असतं, पण लक्ष मागणारेही सगळे त्याच महिन्यात येतात. मोठ्या सिनेमांच्या गर्दीत छोट्या मोहिमेची बातमी द्यायला कोणाकडे जागा उरत नाही. तुमची यादी (प्रश्न ७) भक्कम असेल तर कुठलाही महिना चालतो. नसेल तर ऑक्टोबरही वाचवणार नाही. चित्रीकरणाच्या तारखेवरून मागे मोजा. किकस्टार्टर मोहीम संपल्यावर साधारण १४ दिवसांनी पैसे देतं. पुढच्याच आठवड्यात कॅमेरा भाड्याने घेतलेला असेल तर अडचण होईल.

९. भेटी काय ठेवाव्यात?

डिजिटल भेटी मुख्य ठेवा: सिनेमा, पटकथा, निर्मितीची चित्रफीत, संगीत. त्या पाठवायला खर्च नाही आणि वाटेत फुटत नाहीत. प्रत्यक्ष वस्तू मोजक्या ठेवा, पण सिनेमाच्या पोटातून आलेल्या असाव्यात. कप आणि टी-शर्ट कोणीही देतं. तुमच्या सिनेमातल्या मुलीच्या वहीचं फाटलेलं पान फक्त तुम्हीच देऊ शकता.

वापरलेलं सामान देताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, संकलनात राहिलेली उणीव भरण्याचं चित्रीकरण पूर्ण होईपर्यंत एकही मूळ वस्तू पाठवू नका. चाकू पाठीराख्याच्या भिंतीवर लटकतोय आणि तुम्हाला त्याचं एक समीपदृश्य हवं आहे, हे दुःख टाळता येण्यासारखं आहे. दोन, लेटेक्स हे नैसर्गिक रबर असतं. उजेड, उष्णता आणि हवेने ते कडक होतं, मग तडकतं, शेवटी भुगा होतो. लेटेक्सचा मुखवटा देत असाल तर हे पेजवर आधीच लिहा, जपायची रीत सोबत द्या. सिलिकॉन पुष्कळ जास्त टिकतं. तीन, ‘रक्ताचे शिंतोडे असलेलं पोस्टर’ करायचं असेल तर सेटवरचं पाकापासून केलेलं रक्त वापरू नका. ते नीट सुकत नाही, गुंडाळीत चिकटतं आणि मुंग्यांना बोलावतं. ॲक्रिलिक रंग वापरा.

टपालखर्च भेटीच्या किमतीत गृहीत धरण्यापेक्षा देशानुसार वेगळा आकारा. आणि बंदी घातलेल्या वस्तू तपासा. बोथट केलेला का असेना, चाकू सीमाशुल्कात अडकू शकतो.

१०. ‘आमच्या सिनेमात मरा’ अशी भेट ठेवली तर?

ती खपते, आणि भयपटाशिवाय दुसरा कोणी ती देऊ शकत नाही. म्हणूनच नीट लिहा. प्रवास आणि राहण्याचा खर्च कोणाचा? चित्रीकरणाची तारीख बदलली तर? वयाची अट काय? चेहरा वापरण्याचं संमतिपत्र सही होईल का? कृत्रिम रक्त, चिकट पदार्थ, त्वचेची ॲलर्जी यांबद्दल आधी विचारलं जाईल का? आणि त्या दिवशी तो माणूस तुमच्या विम्यात बसतो का?

दोन-तीनच जागा ठेवा. हौशी माणसाला मारण्याच्या दृश्यात शारीरिक धोक्याचं काहीही करू नका. पडणं, धावणं, आग, पाणी ही प्रशिक्षित माणसांची कामं आहेत. ज्यांना येता येणार नाही त्यांच्यासाठी मृताच्या फोटोत चेहरा, थडग्यावर नाव, बेपत्ता व्यक्तींच्या यादीत नाव हे पर्याय सुंदर चालतात.

११. सहयोगी निर्माता असं श्रेय विकत देता येतं का?

देता येतं, पण मोजून द्या. वीस कार्यकारी निर्मात्यांची यादी बघून वितरकाला शंका येते की हक्क नेमके कोणाकडे आहेत. शिवाय खऱ्या निर्मात्याने वर्ष घालवलेलं असतं, त्याच्या श्रेयाचं वजन जपा. ‘विशेष आभार’ कितीही द्या. निर्मात्याचं श्रेय देणार असाल तर त्याने निर्णयाधिकार किंवा हक्क मिळत नाही हे लेखी ठेवा.

१२. पाठीराख्यांना सिनेमा कधी दाखवायचा? महोत्सवांत अडचण येते का?

येऊ शकते, आणि हा प्रश्न मोहीम लिहितानाच सोडवावा लागतो. अनेक महोत्सवांना पहिलं सार्वजनिक प्रदर्शन स्वतःकडे हवं असतं. वितरकाला ठरावीक काळ एकाधिकार हवा असतो. तुम्ही ‘मार्चमध्ये डिजिटल प्रत’ असं कबूल केलंत आणि एप्रिलमध्ये वितरकाचा करार आला, की तुम्हाला एकाचा शब्द मोडावाच लागतो.

भेटीच्या वर्णनात असं लिहा: सिनेमाची प्रत महोत्सवातील प्रदर्शन आणि वितरणाच्या वेळापत्रकानुसार मिळेल. पुढे करार करताना पाठीराख्यांच्या प्रतींचा अपवाद त्यात लिहून घ्या. मोहिमेचा कागद समोर ठेवलात तर बहुतेक वितरक ऐकतात. लिंक पाठवाल तेव्हा ती खासगी, मुदतीची आणि पाठीराख्याचं नाव पडद्यावर उमटवलेली असावी. गळती कुठूनही होते. ‘स्किनामरिंक’ हा अगदी छोट्या खर्चातला सिनेमा २०२२ मध्ये एका महोत्सवाच्या ऑनलाइन प्रदर्शनातून बाहेर फुटला. त्याच्या बाबतीत त्या चर्चेने कुतूहल वाढलं, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

१३. आमची जाहिरात ‘धक्कादायक मजकूर’ म्हणून नाकारली. काय करू?

समाजमाध्यमांच्या जाहिरात-नियमांत रक्त, जखमा आणि भडक हिंसा बसत नाही, मग ती खोटी का असेना. दोन संच बनवा. जाहिरातीसाठी सूचक चित्र: अर्धं उघडं दार, ओली पावलं, पाठमोरी आकृती. रक्तमांस मोहिमेच्या पेजवर खालच्या भागात, आणि तिथेही प्लॅटफॉर्मचे नियम वाचून. माझ्या अनुभवात सूचक चित्रावर लोक जास्त थांबतात.

सिनेमात लहान मूल असेल तर त्याचा भयंकर मेकअपमधला फोटो मोहिमेत वापरण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. आणि संमती असली तरी विचार करा. ते चित्र मूल मोठं झाल्यावरही इंटरनेटवर राहणार आहे.

१४. ‘सत्य घटनेवर आधारित’ असं खोटंच भासवलं तर? भयपटात चालतं ना?

सिनेमाच्या जाहिरातीत या खेळाची परंपरा आहे. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने बेपत्ता विद्यार्थ्यांची वेबसाइट बनवून प्रेक्षकांना संभ्रमात ठेवलं होतं. पण तिथे लोक तिकीट काढत होते. मोहिमेच्या पेजवर तुम्ही माणसाकडे आधी पैसे मागता आणि तुमचं प्रत्येक विधान त्या व्यवहाराचा भाग असतं. तिथे काल्पनिक घटनेला खरी म्हणणं ही फसवणूक आहे. खेळ करायचाच असेल तर वेगळ्या खात्यावर करा आणि मोहिमेच्या पेजवर स्पष्ट लिहा की गोष्ट रचलेली आहे.

१५. एका गाजलेल्या खलपात्रावर फॅन फिल्म करायची आहे. पैसे गोळा करू शकतो का?

हक्कधारकाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. ‘नफा कमावणार नाही’ असं लिहिल्याने काही बदलत नाही, आणि पैसे गोळा झाले की हक्कधारकाचं लक्ष तुमच्याकडे वळतंच. भयपटाच्या इतिहासातला धडा शंभर वर्षं जुना आहे: १९२२ चा ‘नोस्फेराटू’ हा ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर विनापरवानगी बेतलेला होता. ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो आपल्याला बघता येतो.

हक्क संपलेल्या साहित्यावर मोकळेपणी काम करता येतं, पण तिथेही बारकावा आहे. मूळ कादंबरी मुक्त असली तरी नंतरच्या एखाद्या सिनेमाने त्या पात्राला दिलेलं रूप, वेश, चेहरा मुक्त असेलच असं नाही. तुमचं पात्र मूळ मजकुरातून उभं करा.

१६. पोस्टर एआयने बनवलं तर चालेल?

किकस्टार्टरवर ऑगस्ट २०२३ पासून एआयचा वापर उघड सांगणं बंधनकारक आहे. लपवून केलंत तर मोहीम थांबवली जाऊ शकते. नियमाच्या पलीकडे माझं म्हणणं असं की भयपटाचा पाठीराखा हाताच्या कामासाठी पैसे देतो (प्रश्न ५). त्याला पहिलंच चित्र यंत्राचं दाखवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. एखाद्या तरुण चित्रकाराला थोडे पैसे आणि ठळक श्रेय द्या. तो स्वतःच मोहिमेची हाकाटी करेल.

१७. पहिल्या आठवड्यानंतर पैसे येणंच थांबलं. मोहीम मेली का?

नाही. सुरुवातीला ओळखीचे येतात, शेवटी मुदत बघून थांबलेले येतात. मधले दिवस जवळजवळ प्रत्येक मोहिमेत कोरडे जातात. त्या दिवसांसाठी काहीतरी आधीच राखून ठेवा: नवा कलाकार, मुखवट्याचं पहिलं दर्शन, एक नवी भेट. सगळं पहिल्याच दिवशी दाखवून टाकणारे दहाव्या दिवशी रिकाम्या हाताने बसतात.

याच काळात ‘आम्ही तुम्हाला हजार पाठीराखे मिळवून देतो’ असे निरोप येतील. सगळे बाजूला ठेवा. माझ्या पहिल्या मोहिमेत घाबरून मी अशा एकाला पैसे दिले. त्यातून एकही पाठीराखा आला नाही, आणि ते पैसे ध्वनीसाठी ठेवलेले होते.

१८. शेवटच्या दिवशी थोडी रक्कम कमी पडतेय. मीच टाकली तर?

किकस्टार्टरवर स्वतःच्या प्रकल्पाला पैसे देण्यास बंदी आहे. नातेवाइकाने त्याच्या स्वतःच्या पैशातून दिले तर तो खरा पाठीराखा. तुमचे पैसे त्याच्या कार्डावरून फिरवणं मात्र खोटेपणा आहे. शेवटच्या ४८ तासांत एकेकाला फोन करा. ज्यांनी आधीच दिलेत त्यांना एक पायरी वरची भेट घेण्याबद्दल विचारा. तिथून बऱ्याचदा फरक भरून निघतो.

अनोळखी माणसाची अवाढव्य रक्कम अचानक दिसली तर नाचू नका. ती मागे घेतली जाऊ शकते किंवा कार्ड नाकारलं जाऊ शकतं. तिच्याशिवाय लक्ष्य गाठण्याचा प्रयत्न चालू ठेवा.

१९. माझ्या देशातून तो प्लॅटफॉर्म वापरता येत नाही. परदेशातल्या मित्राच्या नावावर मोहीम करू?

किकस्टार्टरवर मोहीम चालवण्याची सोय ठरावीक देशांतल्या लोकांनाच आहे, पैसे देणारे मात्र जवळपास कुठूनही देऊ शकतात. मित्राच्या नावावर केलीत तर कायद्याने मोहीम मित्राची होते. पैसे त्याच्या खात्यात येतात, कर त्याला लागू शकतो, भेटी न मिळाल्यास जबाबदार तोच. मित्र सिनेमाचा खरोखरचा सहनिर्माता असेल आणि तुमच्यात लेखी करार असेल तरच हा मार्ग धरा. नुसतं नाव उसनं घेणं नियमात बसत नाही आणि मैत्रीही जाते. स्वतःच्या देशात चालणारा छोटा प्लॅटफॉर्म जास्त बरा.

२०. जमलेल्या पैशांवर कर लागतो का?

बऱ्याच देशांत हे उत्पन्न धरलं जातं. आर्थिक वर्ष संपता संपता पैसे आले आणि खर्च पुढच्या वर्षात झाला, तर न केलेल्या नफ्यावर कर भरायची वेळ येऊ शकते. मोहिमेची तारीख ठरवण्याआधी हिशेबनिसाशी बोला, नंतर नाही. सिनेमाचं वेगळं बँक खाते ठेवा.

२१. मोहीम फसली तर पुन्हा करता येते?

येते. आधी रद्द करणं आणि मुदत संपू देणं यांतलं निवडा. लक्ष्य गाठणं अशक्य दिसत असेल तर पाठीराख्यांना खरं सांगून रद्द करा. ‘पूर्ण जमले तरच’ पद्धतीत कोणाचे पैसे गेलेले नसतात. त्यांना ‘काय पटलं नाही’ विचारा. तेच दुसऱ्या मोहिमेचे पहिले पाठीराखे आहेत. त्याच पेजवर नुसता आकडा कमी करून दोन आठवड्यांत परत येऊ नका. नवा प्रसंग चित्रित करा, यादी वाढवा, मग या.

२२. सिनेमाला उशीर होतोय. लोकांना काय सांगू?

जे खरं आहे ते, दर महिन्याला, ठरलेल्या दिवशी. सांगण्यासारखं नसेल तरी ‘या महिन्यात संकलन पुढे सरकलं नाही, कारण हे’ एवढं लिहा. पाठीराखे उशीर सोसतात, मौन सोसत नाहीत. आठ महिन्यांच्या शांततेनंतर आलेल्या उत्तम बातमीवरही पहिली प्रतिक्रिया ‘जिवंत आहात का’ हीच असते.

ज्या भेटी सिनेमावर अवलंबून नाहीत त्या आधी पाठवून द्या. पटकथा, पोस्टर, मुखवट्याची रेखाटनं यांना अंतिम संकलनाची वाट बघायची गरज नाही.

२३. आणि सिनेमा पूर्ण झालाच नाही तर?

असं होतं. नट सोडून जातो, ठिकाण हातचं जातं, माणूस आजारी पडतो. अशा वेळी पैसे कुठे गेले याचा हिशेब ओळ-ओळीने पाठीराख्यांसमोर मांडा, उरलेली रक्कम देणाऱ्यांना परत करा आणि जे झालंय ते द्या: चित्रित झालेले प्रसंग, पटकथा, संगीत. चाळीस मिनिटांचं चित्रण असेल तर त्यातून लघुपट निघतो का ते संकलकासोबत बसून बघा. काही पाठीराखे रागावतील. त्यांना स्वतः उत्तर लिहा, दुसऱ्याकडून लिहवून घेऊ नका. हिशेबाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपल्या असतील तरच हे पत्र लिहिता येतं, म्हणून खात्यात पैसे येतील त्याच दिवशी पावत्यांची फाइल उघडा.